मारबतेभाऊंचा संशय

मुलांनो, तुमच्या आईला मी लहानपणी दोन गोष्टींसाठी रागवत असे. एक, वहीत खाडाखोड केली म्हणून. दुसरी, कारण नसताना कोणावर संशय घेतला म्हणून. खाडाखोडीबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. संशयाबद्दलचं बदललं, आणि ते बदलणारा माणूस कुरखेड्याला आमच्या शेजारी राहत होता. इरा, परवा फोनवर तू म्हणालीस की तुमच्या मेडिकलच्या वर्गात ल्युपस नावाचा आजार शिकवायला घेतला आहे, आणि "आजी, तुला हे नाव माहीत नसेल" असंही म्हणालीस. माहीत आहे. कसं माहीत झालं ते लिहिते.

यशवंत मारबते तिथल्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचे. गडचिरोली जिल्ह्यात पावसाळ्यातला ताप म्हणजे आधी मलेरिया आणि मग बाकी सगळं. गावोगावच्या तापकऱ्यांच्या बोटाचं रक्त काचेच्या पट्टीवर घेऊन त्यांच्याकडे येई. ती पट्टी जांभळ्या रंगात बुडवायची, वाळवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधत बसायचं, हे त्यांनी पंचवीसेक वर्षं केलं. लोक त्यांना "दुर्बीणवाले भाऊ" म्हणत. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, तुमचे आजोबा वनखात्यात, आणि आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक मेहंदीचं कुंपण होतं.

माणूस बारीक, उंच, हाफ बाहीचा पांढरा शर्ट. एक डोळा मिटून पाहण्याची सवय इतकी जडलेली की तुम्ही नमस्कार केला तरी ते आधी डावा डोळा मिटून तुमच्याकडे बघत आणि मग हात जोडत. कोणी काही सांगितलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "दिसल्याशिवाय नाई." पाऊस येणार म्हटलं तरी तेच, आणि मुलगा पास झाला म्हटलं तरी तेच.

त्यांची जात ढिवराची, वडील तलावात जाळं टाकायचे आणि आई बाजारात मासे विकायची. आईनं शिकवलं होतं की विकणाऱ्याचं तोंड पाहू नये, माशाचा कल्ला उचलून पाहावा. मारबतेभाऊ आयुष्यभर सगळ्याच गोष्टींचा कल्ला उचलून पाहत राहिले. दूधवाल्यासमोर दुधाचा थेंब नखावर घेऊन तो ओघळताना बघत. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचून झाली की बाटली उलटी करून पुन्हा वाचत, जणू उलटी केल्यावर ती कबुली देणार होती. लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारच्या पाचजणांनी खाल्ल्याशिवाय घास उचलत नसत. एकदा वरबाप चिडून म्हणाला, "भाऊ, जहर घालाचं असतं तं आधी तुमच्याच पत्रावळीवर वाढलं असतं."

"म्हनूनच थांबून राह्यलो," भाऊ शांतपणे म्हणाले.

मी त्यांना हसत असे, पण एकदा त्यांच्या या स्वभावानं माझं भलं झालं. मला ताप आला होता. दवाखान्यात घाईघाईत झटपट तपासणीचं किट लावलं, त्यावर दोन रेघा उमटल्या आणि मलेरियाच्या गोळ्या हातात पडल्या. संध्याकाळी भाऊ सुई आणि काचेची पट्टी घेऊन दारात.

"मॅडम, किट म्हनते आहे. मले तं काई दिसलं नाई. बोट द्या."

तीन दिवस त्यांनी माझं बोट टोचलं. जंतू दिसला नाही, मग दुसऱ्या तपासण्या केल्या, तेव्हा निघाला टायफॉइड. किट का चुकलं ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "तेबी मानसानंच बनवलं हाये."

त्यांची मुलगी शालू. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली, आणि मुलीला भाऊंनी एकट्यानं वाढवलं, आपल्याच पद्धतीनं. तिच्या डब्याला ते सुतळी बांधत, जाळं विणताना मारतात तशी गाठ मारून. गाठ वेगळी दिसली तर डबा खायचा नाही, तसाच घरी आणायचा. शाळेत मुली तिला चिडवत. मी वर्गात असताना एकीनं विचारलं, "काऊन व शालू, तुझा बाप तुले कोनी मारन म्हनते का?" शालू म्हणाली, "नाई, पन पाहून घ्यावं म्हनते." आणि शांतपणे गाठ सोडू लागली. मला ती मुलगी फार आवडायची.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तिची बोटं आणि मनगटं दुखू लागली. सकाळी वेणी घालता येईना. तिच्याकडे सिकलसेलचं, रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, कार्ड होतं. आमच्या भागात शाळेत तपासण्या होतात, त्यात ती वाहक निघाली होती. म्हणजे आजार नाही, फक्त आईकडून आलेली खूण. पण सांधे दुखतात आणि कार्ड आहे, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली सिकल, आशा कार्यकर्ती म्हणाली सिकल, आणि आमच्या दोन्ही घरी स्वयंपाकाला येणारी गिरजाबाईही म्हणाली सिकल. आमच्याकडे त्या दुखण्याची इतकी सवय आहे की दुसरं काही असू शकतं हे कोणाच्या डोक्यात येत नाही. एकटे भाऊ म्हणत, "वाहकाचे सांधे असे दुखत नाईत." मग काय आहे, असं विचारलं की "दिसल्याशिवाय नाई" म्हणत. कारण त्यांनाही काही दिसलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात ती मामाच्या शेतात धानाच्या रोवण्याला गेली आणि गालांवर, नाकावर लालसर काळपट चट्टा घेऊन आली. उन्हानं झालं असणार, सगळे म्हणाले. मीही म्हणाले, आणि तिला कोरफड दिली. केस गळत होते, तोंडात फोड येत होते. ही सगळी चिन्हं एकाच घरात, एकाच मुलीत होती, पण आम्ही प्रत्येकाला वेगळं नाव देऊन वेगळं ठेवलं. नीटनेटक्या माणसांची ही चूक असते. मी त्या बाबतीत फार नीटनेटकी होते.

दिवाळीनंतर शालू संशय घेऊ लागली.

सुरुवात इतकी साधी होती की आम्ही हसलो. ती पाण्याचा ग्लास उजेडात धरून बघू लागली. पोळीचा वास घेऊ लागली. गिरजाबाईनं वाढलेलं ताट परत करून म्हणाली, "गाठ बदलली हाये." घरातल्या ताटाला कसली गाठ? गिरजाबाई माझ्याकडे येऊन सांगत होती, "मॅडम, पोरगी तं पूरी बापावर गेली. आता मलेबी डोळा मिटून पाहाते." आम्ही दोघी पोट धरून हसलो. भाऊंना सांगितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर, मी खरंच सांगते, समाधान होतं. "पाहून घेते तं बरंच हाये," ते म्हणाले.

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या त्या माणसानं एवढ्या एकाच गोष्टीवर घेतला नाही, कारण ती त्यांना ओळखीची वाटली.

मग एका दुपारी शालू माझ्या घरी आली. ओढणीखाली स्टीलची वाटी, तीत भात. दार लावून घेऊन हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हे ठेवा तुमच्याजवळ. बाबा याच्यात कायतरी टाकते. दवाखान्यातून आनते. मी पाह्यलं."

"तू पाहिलंस?"

"तुम्हीबी असंच म्हना. सगळे तेच म्हनते." ती माझ्याकडे डावा डोळा मिटून बघत होती. "आवाज येते मले. तो माझा बाप नाई असं म्हनते."

मी काय केलं ते तुम्हाला खरं सांगायला हवं. मला वाटायला हवं होतं की मुलगी आजारी आहे. मला वाटलं की कदाचित ती खरं बोलते आहे. घरात दुसरं कोणी नाही, बाप रसायनांत काम करणारा, अबोल, विचित्र. मुलगी महिनोन्महिने झिजते आहे आणि आजार कोणाला सापडत नाही. मी तो भात डब्यात भरला, डब्याला कागद चिकटवला, त्यावर इंग्रजीत शालूचं नाव आणि तारीख घातली आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. तुमच्या आजोबांना सांगितलं नाही. भाऊ कुंपणापलीकडे दिसले की मी त्यांच्या हातांकडे बघत असे. गिरजाबाईचा संशय वेगळीकडे होता. ती म्हणे ही करणी आहे, पोरीला पुजाऱ्याकडे न्या. त्या घराभोवती सगळेच कोणावर ना कोणावर टपून होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना शालूला झटका आला. हातपाय आखडले, तोंडातून फेस, डोळे पांढरे. अंगात तापही होता. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी जे कोणीही आमच्या भागातला डॉक्टर म्हणेल तेच म्हटलं: ताप आणि झटका, म्हणजे मेंदूचा मलेरिया. इंजेक्शन सुरू केलं. त्यात त्यांची चूक नव्हती. आमच्याकडे थांबून विचार करेपर्यंत माणसं गेलेली आहेत.

भाऊंनी पोरीच्या बोटातून स्वतः रक्त घेतलं. पहिल्या पट्टीवर जंतू नाही. काही तासांनी दुसरी घेतली, तिच्यावर नाही. तिसरीवरही नाही. मी तिथे बाकावर बसून होते. डॉक्टर येऊन म्हणाले, "भाऊ, कधीकधी सापडत नाही. पॉझिटिव्ह धरून चालू."

"इंजेक्शन देत जा साहेब, मी नाई म्हनत नाई," भाऊ डोळा न उचलता म्हणाले. "पन जे नाई ते मी लिहीन नाई."

"मग काय आहे ते सांगा."

"जंतू नाई, हे दिसलं. दुसरं, पांढऱ्या पेशी कमी हायेत. पट्टीवर हिंडावं लागते त्यायले शोधाले."

मग ते उठले आणि शालूची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवू लागले. जुनी पद्धत, लघवीत बुडवायच्या कागदी पट्ट्या येण्याआधीची. नळीतलं पाणी तापता तापता वरून दाटलं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. भाऊंनी त्यात आम्लाचा थेंब टाकला. दाटपणा गेला नाही. प्रथिन जात होतं, म्हणजे मूत्रपिंडं बिघडली होती. त्यांनी नळी खाली ठेवली. सांधे, चट्टा, केस, तोंडातले फोड, पेशी, लघवी, डोकं. त्यांनी बोटांवर मोजलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, एवढे सगळे रोग एका पोरीले एकदम कसे होतीन? एकच असंन. मले त्याचं नाव माहीत नाई. नागपूरले लिहून द्या."

डॉक्टरांनी वाद घातला नाही, चिठ्ठी लिहून दिली.

गाडी निघण्याआधी नमुन्यांभोवती ठेवायला बर्फ हवा होता, म्हणून भाऊ आमच्या घरी आले. मी आत कपडे भरत होते. त्यांनी फ्रिज उघडला. मी बाहेर आले तर त्यांच्या हातात तो डबा. कागदावरचं नाव आणि तारीख त्यांनी वाचली होती. प्रयोगशाळेतला माणूस, तारीख घातलेला डबा म्हणजे काय हे त्याला कळणारच.

त्यांनी डबा होता तिथे परत ठेवला आणि दार नीट लावलं. "बरं केलं मॅडम. तुमच्या जागी मी असतो तं मीबी ठेवला असता," ते म्हणाले, आणि बर्फ घेऊन गेले.

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते वाक्य मला आजही झोंबतं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ल्युपस ठरला. मी सुट्टी काढून गेले होते, कारण कागद इंग्रजीत असणार आणि समजावून सांगणारं कोणी हवं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं. शरीरात बाहेरच्या जंतूंना ओळखणारे पहारेकरी असतात, अँटिबॉडीज. या आजारात ते आपल्याच पेशींच्या गाभ्याला परके समजतात. सांधे, कातडी, मूत्रपिंड, सगळ्यांवर उठतात. कधी मेंदूवरही, मग झटके येतात, भास होतात, घरच्यांवर वहीम येतो.

भाऊ ऐकत होते. "म्हंजे तिचं रक्तच तिच्यावर शक करून राह्यलं," ते म्हणाले. मग विचारलं, "ते पहारेकरी दिसते का?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाऊंचं काम काय ते विचारून घेतलं आणि त्यांना प्रयोगशाळेत पाठवलं. अंधाऱ्या खोलीत एका तंत्रज्ञ मुलीनं त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. काचेवर ठरावीक तयार पेशी लावलेल्या असतात, त्यावर रोग्याच्या रक्तातलं पाणी सोडतात; त्यात त्या अँटिबॉडीज असल्या की पेशींचे गाभे हिरवे चमकतात. भाऊंनी सवयीनं डावा डोळा मिटला. पुष्कळ वेळ बघितलं. मागे रांग लागली तरी उठेनात. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "काळ्या पान्यात हिरवे दिवे सोडल्यावानी होतं मॅडम. एवढं सुंदर दिसाले नाई पाहिजे होतं."

त्यांना वाटलं, आता सगळं दिसलं. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्यांचं समाधान मोडलं. डीएनएविरुद्धची अँटिबॉडी भरपूर होती, म्हणजे ल्युपस आहे आणि भडकलेला आहे. रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीजही तपासल्या, त्या नव्हत्या. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली. मेंदूचं चित्र मात्र जवळजवळ निर्मळ आलं. डोक्यात जे चाललं आहे ते ल्युपसमुळेच, हे शंभर टक्के सिद्ध करणारी एकही तपासणी नाही, त्या म्हणाल्या. बाकी सगळं वगळत जायचं आणि उरतं ते धरायचं.

"म्हंजे तुम्हीबी अंदाजच करता," भाऊ म्हणाले.

"हो, पण तपासून केलेला," त्या म्हणाल्या. "उपचार आज सुरू करायचे का?"

एका बाजूला पोरीची मूत्रपिंडं आणि डोकं, दुसऱ्या बाजूला त्यांची आयुष्यभराची शिस्त. खिडकीपलीकडे शालू पलंगावर बसून सलाइनच्या नळीकडे शत्रूसारखी बघत होती. भाऊंनी मला कागद वाचायला लावला, एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत, आणि मग सही केली. न दिसलेल्या गोष्टीवर केलेली ती त्यांची पहिली सही असावी.

स्टेरॉइड, महिन्याच्या महिन्याला मोठं इंजेक्शन आणि रोजची एक गोळी, जी बहुधा जन्मभर चालायची होती. ती मूळची मलेरियावरच्या औषधांच्या घराण्यातली. कुरखेड्याला हे कळलं तेव्हा गावानं निकाल लावून टाकला. गिरजाबाई मला म्हणाली, "पाहा, मलेरियाच होता. भाऊच्या दुर्बिणीले दिसला नाई." भाऊंनी कोणाला काही समजावलं नाही. दवाखान्यात मात्र काही दिवस लोक आपली पट्टी "दुसऱ्या कोनाकडून" तपासून मागत. पंचवीस वर्षांच्या खात्रीच्या माणसावर आता गाव शक घेत होतं, आणि ते त्यांना चालत होतं. "पाहून घेते तं घेऊ द्या," म्हणायचे.

शालूच्या डोक्यातले आवाज काही आठवड्यांनी ओसरले, लघवी सुधारायला बरेच महिने लागले. चेहरा औषधांनी गोल झाला. पण ल्युपस गेला नव्हता, फक्त बसला होता. आणि डॉक्टरबाईंनी निघतानाच सांगून ठेवलं होतं की स्टेरॉइड स्वतःही डोकं बिघडवू शकतं. तेव्हा पुन्हा संशय आला तर तो आजाराचा की औषधाचा, हे घरी ठरवायचं नाही, गोळ्या आपल्या मनानं कमी करायच्या नाहीत, सरळ इकडे यायचं.

यामुळे घरात एक विचित्र पेच झाला. शालू म्हणाली, "दूध नासलं वाटते," तर बाप घाबरायचा: दूध की पोरगी? ते दूध तपासायचे, आणि ते खरंच नासलेलं निघालं की त्यांना केवढा आनंद व्हायचा. जेवताना ते तिच्याच ताटातला पहिला घास खात, मग ताट तिच्याकडे सरकवत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, ती आता बरी आहे." ते म्हणाले, "मॅडम, शक कराले मीच शिकवलं तिले. भरोसा कराले नाई शिकवलं. ते आता शिकवून राह्यलो, दोघायले." शालू ऐकत होती. म्हणाली, "घास मोठा घेते पन बाबा." आणि तिघंही हसलो.

तुमचे आजोबा निवृत्त झाले आणि आम्ही चंद्रपूरला आलो. नंतर एकदा जुन्या घराच्या कागदांसाठी मी कुरखेड्याला गेले होते. सकाळी बसस्टँडवर चंद्रपूरची गाडी यायची होती, आणि नागपूरच्या गाडीपाशी भाऊ आणि शालू दिसले. भाऊंचे केस पांढरे झालेले, हातात कागदांची पिशवी. शालू त्यांच्यापासून चार पावलं दूर उभी होती, ओढणी घट्ट गुंडाळून.

"तपासणीची तारीख आहे का?" मी विचारलं.

"नाई," भाऊ म्हणाले. पुढचं तीच बोलली, माझ्याकडे न बघता, पाठ केल्यासारखं.

"कालपासून मले बाबांवर शक येऊन राह्यला, मॅडम. रातच्या गोळीत कायतरी मिसळलं असं वाटते. खरं का खोटं मले समजत नाई. म्हनून बाबालेच सांगितलं."

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, फक्त एकदा. आदल्या रात्री नऊ वाजता तिनं सांगितलं, साडेनऊला पिशवी भरून झाली होती, आणि सकाळची पहिली गाडी, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

गाडी लागली. शालू आधी चढली आणि मधल्या खिडकीपाशी बसली. भाऊ शेजारी बसायला गेले तर तिनं हात आडवा धरला.

"तुम्ही पुढं बसा बाबा. मले दिसलं पाहिजे तुम्ही."

ते तिच्या पुढच्या सीटवर बसले. पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात वर, समोरच्या दांडीवर ठेवले, तिला दिसतील असे. गाडी सुटायला बराच वेळ होता. शेंगदाणेवाला आला, कंडक्टर ओळखीचा होता तो काही बोलला, मी खिडकीतून हाक मारली. शालू त्यांच्या हातांकडे बघत होती. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी हात हलवले नाहीत आणि मान वळवली नाही.